वडील, डीकन, पाळक, रेव्हरंड: मंडळीच्या जुन्या दप्तरातले शब्द कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा: मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) शतकोत्तर वर्धापनदिनासाठी स्मरणिका काढायची आहे. जुन्या दप्तरात एकाच माणसाला कुठे ‘उपदेशक’, कुठे ‘डीकन’, कुठे ‘वडील’ तर कुठे ‘रेव्ह.’ लिहिलेले सापडते. बायबलमध्ये या शब्दांचा मूळ अर्थ काय, आणि त्यावरून जुन्या पाळकांची चरित्रे कशी लिहावीत?

आधी कामाचा क्रम सांगतो, कारण बहुतेक स्मरणिका तिथेच फसतात. शब्दाचा अर्थ लावण्याआधी ती मंडळी त्या काळी कोणत्या मिशनची होती ते ठरवा. अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, चर्च मिशनरी सोसायटी (सीएमएस), मेथॉडिस्ट, यांपैकी कोणती? आज तुमच्या पाटीवर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ असेल, पण ती मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली. त्याआधीच्या दप्तराला आजचा अर्थ लावला की चूक ठरलेली. ‘डीकन’ हा एकच शब्द नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या दप्तरात बिनदीक्षेचा (दीक्षा म्हणजे विधिपूर्वक पाळकपदाचा अधिकार देणे), मंडळीने निवडलेला माणूस दाखवतो आणि नाशिकच्या सीएमएस दप्तरात दीक्षा झालेला पाळक दाखवतो. हे का, ते समजायला नव्या करारातले चार-पाच ग्रीक शब्द नीट पाहावे लागतात.

पहिला शब्द ‘वडील’, ग्रीकमध्ये ‘प्रेसबुतेरोस’. नव्या करारात तो 66 वेळा येतो आणि त्यातला बराच वाटा मंडळीच्या पदाचा नाहीच. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला भाऊ (लूक 15:25) प्रेसबुतेरोस आहे. यहूदी लोकांचे वडील, पूर्वजांचे संप्रदाय सांगणारे वडील, प्रकटीकरणातले चोवीस वडील, सगळीकडे हाच शब्द. 1 तीमथ्य 5:1 मध्ये तो नुसता ‘वयस्कर माणूस’ आहे आणि त्याच अध्यायाच्या 17व्या वचनात मंडळी चालवणारा अधिकारी आहे. म्हणजे सोळा वचनांच्या अंतरात अर्थ बदलतो आणि तो फक्त संदर्भावरून कळतो.

दुसरा ‘एपिस्कोपोस’, देखरेख करणारा. मराठी पवित्र शास्त्रात ‘अध्यक्ष’. हा शब्द नव्या करारात फक्त 5 वेळा येतो: प्रेषित 20:28, फिलिप्पै 1:1, 1 तीमथ्य 3:2, तीत 1:7 आणि 1 पेत्र 2:25. शेवटच्या ठिकाणी तो ख्रिस्ताबद्दल आहे. इंग्रजीतला ‘बिशप’ याच शब्दातून आला.

तिसरा ‘पोइमेन’, मेंढपाळ. तो 18 वेळा येतो, पण मंडळीतल्या सेवेचे नाव म्हणून एकदाच, इफिस 4:11 मध्ये. तिथे मराठीत ‘पाळक’ आहे. आपण रोज ज्या नावाने हाक मारतो ते पद नव्या करारात नाम म्हणून एकदाच यावे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 उघडून 17 आणि 28 ही वचने शेजारी ठेवा. पौल मिलेतहून इफिसला निरोप पाठवून मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलावतो. अकरा वचनांनंतर त्याच माणसांना सांगतो की पवित्र आत्म्याने तुम्हांला ‘अध्यक्ष’ नेमले आहे, आणि त्याच वाक्यात त्यांना मंडळीचे ‘पालन’ करायला सांगतो. माणसे तीच, शब्द तीन. तीत 1:5 मध्ये वडील नेमायला सांगून 1:7 मध्ये अध्यक्ष कसा असावा ते सांगितले आहे. 1 पेत्र 5:1-2 मध्येही वडिलांना कळप पाळायला सांगितले आहे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा हाच आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे आपसांतले मतभेद इथूनच निघाले.

मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे उदाहरण घ्या. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेत डीकन, प्रीस्ट आणि बिशप या तीन पायऱ्या, आणि दीक्षा देण्याचा अधिकार बिशपचा. वेस्ली स्वतः अँग्लिकन प्रीस्ट होते. पण आद्य मंडळीत बिशप आणि प्रेसबिटर (म्हणजे प्रेसबुतेरोस, वडील) एकाच दर्जाचे होते, हे त्यांना 1746 मध्ये पीटर किंग यांचे लिखाण वाचून पटले. त्याच आधारावर 1784 साली त्यांनी अमेरिकेसाठी स्वतःच दीक्षा दिल्या. त्या वर्षी पाठवलेल्या उपासनाविधीत त्यांनी ‘प्रीस्ट’च्या जागी ‘एल्डर’ आणि ‘बिशप’च्या जागी ‘सुपरिंटेंडेंट’ हे शब्द घातले. म्हणून अमेरिकन मेथॉडिस्ट दप्तरातला ‘एल्डर’ हा पूर्ण दीक्षा झालेला पाळक असतो. तिथे दोन दीक्षा: आधी डीकन, मग एल्डर.

प्रेसबिटेरियन, म्हणजे आपल्याकडे स्कॉटिश मिशनच्या, दप्तरात हाच ‘एल्डर’ अगदी वेगळा. 1 तीमथ्य 5:17 वरून त्यांनी दोन प्रकारचे वडील मानले: शिकवणारे आणि कारभार पाहणारे. शिकवणारा म्हणजे पाळक. कारभार पाहणारा मंडळीतून निवडलेला, आपला धंदा-नोकरी सांभाळणारा माणूस, जो पाळकाबरोबर ‘सेशन’मध्ये, म्हणजे मंडळीच्या कारभारी सभेत, बसतो. मुंबई, पुणे, जालना इथल्या जुन्या स्कॉटिश मिशनच्या मंडळ्यांत ‘वडील’ म्हणजे बहुधा हे दुसरे. त्यांना स्मरणिकेत ‘रेव्ह.’ लावू नका, आणि उलट मेथॉडिस्ट एल्डरला ‘मंडळीचे एक वडील’ म्हणून खाली उतरवू नका.

मराठीत याशिवाय आपली एक वेगळी अडचण आहे. ‘वडील’ म्हणजे बापही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नावापुढे ‘वडील’ लिहिले असेल तर तो नात्याचा उल्लेख की पदाचा? पदाचा असेल तर तेच नाव सभेच्या इतिवृत्तातही हजर सदस्यांत दिसायला हवे. तिथे नसेल तर नाते समजा.

चौथा शब्द ‘दियाकोनोस’. हा 29 वेळा येतो. काना गावच्या लग्नात पाणी भरणारे चाकर (योहान 2:5) दियाकोनोस आहेत. रोम 13:4 मध्ये सरकारी अधिकारी देवाचा दियाकोनोस आहे. पौल स्वतःला आणि अपुल्लोसाला तेच म्हणतो (1 करिंथ 3:5). किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी (रोम 16:1) हिच्यासाठीही तोच शब्द, आणि तोही पुल्लिंगी रूपात. पद म्हणून तो स्पष्ट दिसतो फिलिप्पै 1:1 आणि 1 तीमथ्य 3 मध्ये. व्यासपीठावरून नेहमी सांगतात की प्रेषित 6 मधले सात जण पहिले डीकन. त्या अध्यायात ‘सेवा’ हे नाम आणि ‘सेवा करणे’ हे क्रियापद आहे, पण त्या सात जणांना दियाकोनोस कुठेही म्हटलेले नाही. ‘वचनाची सेवा’ करणाऱ्या प्रेषितांसाठीही तेच नाम आहे (6:4). सात जणांना डीकन म्हणणे ही नंतरची परंपरा आहे. ती परंपरा म्हणूनच सांगावी.

काँग्रिगेशनल मंडळ्यांनी (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते अशा), म्हणजे आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने, प्रेषित 6 चा नमुना धरून डीकन हा मंडळीने निवडलेला, दानधर्म आणि प्रभुभोजनाची व्यवस्था पाहणारा माणूस ठेवला. अँग्लिकनांनी डीकन ही दीक्षेची पहिली पायरी ठेवली आणि साधारण एक वर्षाने प्रीस्टची दीक्षा. म्हणून सीएमएसच्या किंवा इतर अँग्लिकन माणसाच्या चरित्रात दीक्षेच्या दोन तारखा सापडतात आणि लिहिणारा एक चुकीची समजून खोडतो. नेहेम्या नीळकंठ गोऱ्हे यांचा बाप्तिस्मा 1848, डीकन 1868, प्रीस्ट 1870. तिन्ही वर्षे बरोबर आहेत, तिन्ही वेगळ्या गोष्टींची आहेत. गोऱ्ह्यांना ‘फादर’ म्हणत, यावरून त्यांना रोमन कॅथलिक ठरवणेही चूक. ते अँग्लिकनच होते.

इथेच ‘याजक’ या शब्दाचा उलगडा करतो. ग्रीक ‘हिएरेउस’, म्हणजे अर्पण वाहणारा, हा शब्द नव्या करारात मंडळीच्या सेवकासाठी एकदाही वापरलेला नाही. पौल रोम 15:16 मध्ये आपल्या कामाला त्या जातीचे एक क्रियापद लावतो, पण पद म्हणून नाही. 1 पेत्र 2:9 मध्ये याजकगण आहेत ते सगळे विश्वासणारे. गोंधळ इंग्रजीमुळे होतो. ‘प्रीस्ट’ हा शब्द प्रेसबुतेरोसपासून आला, पण इंग्रजी बायबलात तो हिएरेउससाठी वापरला गेला. त्यामुळे इंग्रजी अहवालात ‘प्रीस्ट’ दिसला की मराठीत ‘याजक’ लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. ‘प्रेसबिटर’ लिहा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या विधीत दुसऱ्या पायरीचे नावही तेच आहे. आणि ‘रेव्हरंड’ हे नव्या करारातले पद नाही, आदराची उपाधी आहे. गावकऱ्यांच्या तोंडचा ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आला आणि गोऱ्या मिशनऱ्यापासून गावच्या उपदेशकापर्यंत सगळ्यांना लागला, तेव्हा त्यावरून काहीच ठरत नाही.

शब्द शोधण्याची रीत अशी. मराठी वचन घ्या, तेच वचन स्ट्राँगचे क्रमांक लावलेल्या इंग्रजी बायबलात काढा. बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणारी जेम्स स्ट्राँग यांची सूची 1890 ची. हिब्रू शब्द 1 ते 8674, ग्रीक 1 ते 5624. पाळक 4166, वडील 4245, अध्यक्ष 1985, सेवक 1249, याजक 2409. क्रमांकावरून तो शब्द येणारी सगळी वचने काढा, आणि त्या प्रत्येक वचनाला मराठीत कोणता शब्द आहे ते शेजारी लिहा. हे काम हाताने वहीवर करा. 29 किंवा 66 वचने म्हणजे दोन संध्याकाळी. स्ट्राँगच्या मागे दिलेली छोटी शब्दार्थयादी अर्थ ठरवायला वापरू नका. ती एका इंग्रजी भाषांतरात शब्द कसकसा आला त्याची नोंद आहे, कोश नव्हे. त्यातले पाच-सहा अर्थ एकाच वचनात ओतणे ही सगळ्यात सर्रास होणारी चूक.

दुसरी चूक व्युत्पत्तीची, आणि ती व्यासपीठावर फार आवडते. ‘दियाकोनोस म्हणजे धुळीतून जाणारा’ असे सांगतात: ‘दिया’ म्हणजे मधून, ‘कोनिस’ म्हणजे धूळ. ऐकायला सुंदर, पण आयोनिक या जुन्या ग्रीक बोलीत या शब्दाचे रूप ‘दिएकोनोस’ आहे, म्हणजे मधला स्वर दीर्घ आहे, आणि ‘दिया’तला स्वर ऱ्हस्व असतो. फोड जुळत नाही. तसेच 1 करिंथ 4:1 मधल्या ‘हुपेरेतेस’चे. ‘जहाजाच्या खालच्या रांगेतला वल्हेकरी’ हा अर्थ सांगून त्यावर नम्रतेचे आख्खे प्रवचन उभे करतात. नव्या करारात हुपेरेतेस कोण आहेत ते पाहा: लूक 4:20 मध्ये सभास्थानाचा सेवक ज्याच्या हाती येशू गुंडाळी परत देतो, आणि योहान 7:32 मध्ये येशूला धरायला पाठवलेले शिपाई. जहाज कुठेही नाही. शब्दाच्या मुळावरून अर्थ काढण्याच्या या सवयीवर जेम्स बार यांनी 1961 साली इतकी कडक टीका केली की अभ्यासाची पद्धतच बदलली. ते स्वतः चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक होते. ही टीका पटवून घेतलीच पाहिजे, कारण लोक व्यासपीठावरचे वाक्य वचनाइतकेच खरे मानून घरी नेतात.

वडील मंडळीने मत देऊन निवडायचे की वरून नेमायचे, या वादात ‘खेइरोतोनेओ’ (प्रेषित 14:23) येतो. शब्दाच्या घडणीत ‘हात ताणणे’ आहे म्हणून काँग्रिगेशनल लेखक त्यातून हात वर करून मतदान काढत. पण प्रेषित 10:41 मध्ये त्याच शब्दाचे उपसर्ग लावलेले रूप देवाने आधी निवडलेल्या साक्षीदारांसाठी आहे. देव मतदान घेत नाही. तिथे अर्थ ‘नेमणे’ एवढाच. 2 करिंथ 8:19 मध्ये मात्र मंडळ्यांनी निवडलेला माणूस आहे, म्हणून तिथे निवड हा अर्थ टिकतो. ‘प्रेसबिटरी’ (प्रेसबिटेरियन मंडळ्यांवरची वडिलांची सभा) हे नाव ज्या शब्दातून आले तो ‘प्रेसबुतेरियोन’ मंडळीसाठी एकदाच येतो, 1 तीमथ्य 4:14 मध्ये, हात ठेवण्याच्या संदर्भात. उरलेल्या दोन ठिकाणी तो यरुशलेमच्या यहूदी वडिलांच्या सभेसाठी आहे.

आता चरित्रांकडे. प्रत्येक पाळकासाठी एक पान करा आणि त्यावर या घटना वेगवेगळ्या ओळींत लिहा: जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, उपदेशक म्हणून नेमणूक, प्रवचनाचा परवाना, दीक्षा, प्रत्येक मंडळीचा पदभार, मिशनची नोकरी सोडणे, मृत्यू. परवाना आणि दीक्षा यांची गल्लत नेहमी होते. परवाना मिळालेला माणूस उपदेश करू शकतो, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचा विधी चालवू शकत नाही. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा 1854 चा, दीक्षा 1867 ची. मधली तेरा वर्षे त्यांना ‘रेव्ह.’ म्हणणे चूक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, दीक्षा 1904 मध्ये. ‘रेव्ह. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले’ असे वाक्य सहज लिहिले जाते आणि वाचणारा दीक्षाही त्याच वर्षीची समजतो. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, पण नोकरी सोडणे म्हणजे दीक्षा सोडणे नव्हे. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन 1848 मध्ये मुंबईला आले आणि पुढे त्यांनी मिशनचा पगार नाकारला, तरी ते मिशनरीच राहिले. पगार, पद आणि दीक्षा हे तीन वेगळे रकाने ठेवा.

परदेशी मिशनरी आणि मंडळीचा पाळक हेही वेगळे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांची दीक्षा 6 फेब्रुवारी 1812 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे झाली. ते फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 20 मार्च 1826 रोजी नाशिक भागातल्या दौऱ्यात पटकीने वारले. ते दीक्षित मिशनरी होते, कुठल्या मराठी मंडळीने बोलावून नेमलेले पाळक नव्हते. नगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांची दीक्षा 1854 साली झाली, आणि त्या वर्षी तिथे मराठी माणूस मराठी मंडळीचा पाळक होऊ लागला. त्याच वर्षी स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींची दीक्षा झाली, ज्यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवले. अशा ठिकाणी ‘पहिले पाळक’ हा मान मिशनऱ्याला द्यायचा की दीक्षित मराठी माणसाला, हे स्मरणिकेत स्पष्ट लिहा. मला विचाराल तर दोन वेगळ्या याद्या कराव्यात.

दीक्षेची तारीख कुठेच सापडत नसेल तर बाप्तिस्म्याचे रजिस्टर घ्या. ‘बाप्तिस्मा कोणी दिला’ या रकान्यात त्या माणसाची पहिली सही शोधा. काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मंडळ्यांत बाप्तिस्मा दीक्षितच देई, म्हणून त्या तारखेच्या आधी दीक्षा झालेली असणार. तोच माणूस आधी साक्षीदाराच्या रकान्यात दिसत असेल तर त्याची शेवटची साक्षही टिपा. दीक्षा बहुधा या दोन तारखांच्या मध्ये सापडते. लग्नाच्या रजिस्टरला मात्र हा नियम लावू नका. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय ख्रिस्ती लोकांच्या लग्नाचे प्रमाणपत्र देण्याचा परवाना सरकार कोणाही ख्रिस्ती माणसाला देऊ शकते. त्यामुळे लग्नाखाली सही असलेला उपदेशक किंवा शिक्षक दीक्षित असेलच असे नाही. सहीखाली कलम लिहिले आहे का ते पाहा.

दप्तराबाहेर पहिला आधार ‘ज्ञानोदय’. हे पत्र 1842 मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले, आणि दीक्षाविधींचे वृत्तांत व मृत्युलेख त्यात येत. मृत्युलेखातले वय एक-दोन वर्षांनी चुकीचे असू शकते, कारण जन्मतारीख घरच्यांच्या आठवणीवर असे. दीक्षेचा वृत्तांत घटनेनंतर लगेच छापलेला असतो, म्हणून त्यावर जास्त भरवसा ठेवा. अमेरिकन मिशनची मूळ पत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, स्कॉटिश मिशनची एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, सीएमएसची बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/3’ या मालिकेत आहेत.

इंग्रजी कागदांत शोधताना आजचे स्पेलिंग चालत नाही. अहमदनगरच्या शेवटी ‘नग्गर’, सातारा ‘सत्तारा’, सोलापूर ‘शोलापूर’, शिरूर ‘सेरूर’ असे उच्चाराप्रमाणे लिहिलेले सापडेल. माणसांच्या नावांत ‘पंत’चे स्पेलिंग ‘पुंट’ असे दिसते आणि ते नावाला जोडून येते, म्हणून आडनावाने शोध लागला नाही तर ‘हरिपंत’, ‘रामकृष्णपंत’ अशा जोडनावाने शोधा. ‘अ’च्या जागी ‘यू’ अक्षर घालून पाहा; बरीच हरवलेली नावे तेवढ्याने सापडतात.